आधी नीट बघू, मग बोलू : पाचवीच्या वर्गातलं एक वर्ष

२०२४-२५चं शैक्षणिक वर्ष संपलं आणि त्याबरोबर निरीक्षणाचा उपक्रमही. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, तिशीच्या आसपास पट. उपक्रम कागदावर एका ओळीत मावतो : मुलांनी एखादी वस्तू, झाड, किडा किंवा चित्र पुरेसा वेळ बघायचं, जे दिसलं ते लिहायचं आणि जे दिसलं त्याच्याच आधाराने बोलायचं. चिकित्सक विचार, सर्जनशीलता हे शब्द २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून ते आसपासच्या शाळांचा गट असलेल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेपर्यंत सगळीकडे कानावर पडतात. पण सोमवारी वर्गात उभं राहिल्यावर नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. येत्या जूनमध्ये कुणाला सुरू करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे सगळं क्रमाने, खर्चासकट.

पहिला प्रश्न वेळेचा. वेगळी तासिका मिळणार नाही, मागूही नका. परिसर अभ्यास भाग १ची आठवड्यातली एक तासिका आणि 'आनंददायी शनिवार'मधला पाऊण तास एवढ्यात काम बसतं. वार्षिक नियोजनात ते घटकासमोर लिहून ठेवलं की नंतर कुणी भेटीला आलं तर दाखवायला कागद असतो. वर्ग आवाराबाहेर न्यायचा असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, हालचाल रजिस्टरमध्ये नोंद आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांकडून एकदाच घेतलेलं संमतीपत्र. दरवेळी नवं पत्र काढत बसलं तर दुसऱ्या महिन्यात उत्साह संपतो. आम्ही मात्र आवारातच राहिलो. वर्षभर पुरेल एवढं तिथेच सापडतं.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तो वाटतो तेवढा मोठा नाही. ३१ ते १०० पटाच्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये असतं. त्यातून भिंगं घ्यायची तर शाळा व्यवस्थापन समितीच्या जूनच्या सभेतच ठराव करून घ्या. पक्कं बिल लागतं आणि वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवाव्या लागतात. ठराव ते वस्तू हातात, यात अख्खा पावसाळा जाऊ शकतो. म्हणून पहिली सहा भिंगं गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातून सरळ विकत आणली, साठ रुपयांना एक. पाच जणांत एक भिंग पुरतं. सगळ्यांना एकेक दिलं तर मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत, आणि या कामात बोलणं हवंच.

भिंगांबद्दल थोडं. प्लॅस्टिकच्या दांडीचं नेहमीचं भिंग दोन-तीन पट मोठं दाखवतं. ते वस्तूजवळ धरायचं आणि हळूहळू वर उचलायचं. सोनार वापरतात ते घडीचं, दहा पटीचं भिंग वेगळं. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणत जायची. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. मुलं पहिल्या दिवशी कुठलंही भिंग हात लांब करून धरतात आणि 'बाई, काहीच दिसत नाही' म्हणतात, त्याचं कारण एवढंच. घडीच्या स्वस्त भिंगावर ३०x छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा भिंगातून आणि उघड्या डोळ्याने शेजारी शेजारी बघितल्या की खरी पट कळते. शिवाय एक ताकीद : भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही आणि भिंग खिडकीत उन्हात ठेवायचं नाही. कागद जळतो ते एकदा शिक्षकांनीच दाखवून टाकावं, नाहीतर मधल्या सुट्टीत मुलं दाखवतात.

बाकी साहित्य फुकटात. जुन्या पुठ्ठ्याचे पाच सेंटिमीटरच्या चौकोनी खिडकीचे तुकडे, सुतळी, दोरा, पट्टी आणि शंभर पानी वही. वहीच्या पानावर तीन रकाने : दिसलं, वाटलं, प्रश्न पडला. ही मांडणी हार्वर्ड विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट झीरो' या १९६७ साली सुरू झालेल्या गटाची. जगभर हजारो वर्गांत ती चालते आणि आपल्याकडेही काही बदल न करता चालते.

काम सुरू करण्याआधी मुलं कुठे आहेत ते नोंदवून ठेवा. शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी अहवाल लिहायचा असेल तर 'उपक्रमपूर्व स्थिती' हा मुद्दा लागतोच, आणि तो मागाहून आठवून लिहिलेला लगेच कळतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला चिंचेची एक डहाळी दिली आणि दहा मिनिटं. बहुतेकांनी लिहिलं : पान हिरवं आहे, लहान आहे, आंबट लागतं, चिंच आपल्याला फार उपयोगी आहे. शेवटची दोन वाक्यं बघून कुणीच लिहिलेली नव्हती. ती 'माझे आवडते झाड' या निबंधातून आली होती. चित्रांतही डहाळी नव्हती, चित्रकलेच्या वहीतलं ठरलेलं पान होतं. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्याच वर्गांत असंच होतं. मुलं जे माहीत आहे ते लिहितात, कारण शाळेत आजवर तेच विचारलं गेलंय.

जुलैभर एकच काम : 'दिसलं' आणि 'वाटलं' वेगळं करणं. कंटाळवाणं आहे, पण हे चुकवलं तर पुढचं सगळं ढिसूळ होतं. कसोटी तीन प्रश्नांची ठेवली. याचा फोटो निघेल का? हे मोजता येईल का? शेजारच्यालाही हेच दिसेल का? 'पान आजारी आहे' हे वाटलं. 'पानावर तपकिरी ठिपके आहेत, कडेला जास्त आहेत' हे दिसलं. 'मुंगी घाबरली' वाटलं. 'मुंगी थबकली, वळली आणि आली त्यापेक्षा जोरात गेली' दिसलं. 'वाटलं'चा रकाना कमी प्रतीचा नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. नाहीतर हुशार मुलं तो कोराच ठेवतात. अंदाज हवाच, फक्त त्याच्या समोरच्या रकान्यात त्याला आधार हवा.

ऑगस्टमध्ये एकदांडी घेतली. काही भागांत तिला कंबरमोडी किंवा दगडीपाला म्हणतात. पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाकडेला, पायऱ्यांच्या फटीत ती असतेच. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं एकच वाक्य येतं : पिवळं फूल, पाच पाकळ्या. चौथ्या-पाचव्या मिनिटाला 'झालं' असा आवाज चारी बाजूंनी येतो. शिक्षकाचा धीर सुटतो तो इथेच. वर्गात गलबला, हाती काही नाही, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की तास सुटलाय. इथे 'झालेल्याखाली एक रेघ मारा, आता रेघेखाली आणखी दहा गोष्टी' एवढंच म्हणायचं. खरं बघणं त्या रेघेखाली सुरू होतं.

मग निघायला लागतं. प्रत्येक 'पाकळी'चं टोक सरळ नाही, त्याला तीन दाते आहेत. देठ लांब, केसाळ, आणि त्यावर एकच फूल. पाच पाकळ्या सगळ्यांच्या नाहीत, कुणाच्या चार, कुणाच्या सहा. (यावरून भांडण होतं. होऊ द्या. दोघांनी आपापली फुलं शेजारी ठेवली की मिटतं, आणि एका नमुन्यावरून सगळ्यांबद्दल बोलू नये हे न शिकवता पोचतं.) मधला भाग भिंगाखाली धरला की बारीक नळ्यांचा गठ्ठा दिसतो आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी पाच इवलाली टोकं. टाचणीने एक नळी अलगद उपसून कागदावर ठेवा. कुणीतरी विचारतंच : 'हे पण फूलच आहे का?' आहे. आपण जिला पाकळी म्हणत होतो तीही एक अख्खं फूल आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या घराण्याची हीच रीत. मुलांनी दुसऱ्या दिवशी घरून झेंडू फोडून आणले. हे उत्तर आधी सांगून टाकण्याचा मोह फार होतो. सांगितलं तर दोन मिनिटांत तास संपतो.

चित्र काढण्याचे नियम : फक्त पेन्सिल, खोडरबर नाही. रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी मारायची. वस्तू पानभर काढायची आणि कोपऱ्यात खरी लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची. ज्यांचा हात ठरलेल्या फुलाकडेच वळतो त्यांना कागदाकडे न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून सरकवत रेघ काढायला लावा. चित्र वेडंवाकडं येतं, वर्ग हसतो, पण तीन दाते त्यातच पहिल्यांदा उमटतात.

चित्र बघण्याचा भाग याच काळात समांतर चालू होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन यांनी घडवलेल्या पद्धतीत शिक्षकाकडे तीनच प्रश्न असतात. आम्ही ते असे विचारले : 'या चित्रात काय चाललंय?' 'असं म्हणायला तुला काय दिसलं?' 'आणखी काय सापडतंय?' दुसरा प्रश्न जसाच्या तसा पाठ करा. त्याच्या जागी 'कशावरून?' किंवा 'का?' आलं की मूल गप्प होतं, कारण आपल्या वर्गात 'का' हा शब्द बहुतेक वेळा चूक पकडायला येतो. मुलाने सांगितलेली गोष्ट चित्रावर बोट ठेवून आपल्या शब्दांत परत म्हणायची. शाब्बास म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही. हे अवघड जातं. आपल्या चेहऱ्यावरून उत्तर वाचायची मुलांची सवय जुनी आहे.

थांबण्याचंही तसंच. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ती थांब तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून मनात मोजून बघा.

चित्र कोणतं निवडावं? वारली चित्र घेतलं तर 'वारली चित्र, तारपा नृत्य' एवढं म्हणून वर्ग मोकळा होतो. नाव माहीत असलं की बघणं थांबतं. उत्तम चाललं ते अमृता शेरगिल यांचं १९३५चं तीन मुलींचं चित्र, ज्याला १९३७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं. तीन मुली बसलेल्या, एकीचीही नजर आपल्याकडे नाही. त्या वाट बघतायत, रागावल्यात, लग्नाला आल्यात, कुणीतरी गेलंय – प्रत्येक अंदाजाला मुलं खांदे, हात, मान यांतून आधार शोधतात. चित्रकाराचं नाव आणि साल तास संपताना सांगावं, आधी नाही. झेरॉक्सच्या दुकानातली ए-४ रंगीत प्रत वीस रुपयांना पडली, पण रंग मातकट येतात. वर्गात टीव्ही असेल तर तो वापरा. पैसे नसतील तर वर्तमानपत्रातला मोठा फोटो, खालची ओळ कापून.

सप्टेंबरमध्ये कढीपत्ता. वर्षातलं सर्वांत चांगलं काम हेच झालं, म्हणून जरा विस्ताराने. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर फुलपाखरं सुटी, गोल, फिकट पिवळी अंडी घालतात, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. त्यांतून येणारी अळी सुरुवातीला काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा असलेली, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी. झाडापाशी नेऊन फक्त 'पानांवर काय काय आहे ते लिहा' म्हटलं. 'दिसलं'च्या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं : चिमणीची शीट. ते खोडू नका. दुसऱ्या दिवशी त्याच पानाकडे न्या. शीट जागेवरून सरकलेली असते आणि पानाची कड कुरतडलेली. 'शीट' हा शब्द मग मुलं स्वतःच 'वाटलं'च्या रकान्यात हलवतात आणि 'दिसलं'खाली काळा-पांढरा रंग, चकाकी, लांबी लिहितात. जुलैभर घासलेली कसोटी इथे पहिल्यांदा त्यांची त्यांनी लावली, आणि खरं सांगायचं तर तोवर हा उपक्रम चालेल की नाही याची खात्री आम्हालाही नव्हती.

वर्गात पाळायचं असेल तर : रुंद तोंडाची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. घट्ट झाकण नको, आत वाफ धरून बुरशी येते. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवायची आणि बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. पानं रोज ताजी, फवारणी न केलेली. विष्ठा रोज झाडायची. एका बरणीत दोनच अळ्या. मोठी अळी हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून शिंगांची जोडी बाहेर काढते, उग्र वास येतो. एकदा बघून झालं की पुन्हा पुन्हा डिवचू देऊ नका. कोष करण्याआधी अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर फिरत सुटते. मुलांना वाटतं आजारी पडली, मेली. त्या वेळी आत एक तिरकी काडी हवी. तिथे ती कमरेभोवती रेशमी धागा बांधून घेते आणि कोष होतो. अळीचे साधारण दोन आठवडे, कोषाचे आठ-दहा दिवस. शनिवार-रविवार बरणी कुणी घरी न्यायची हे आधी ठरवा. काही कोषांतून फुलपाखरू येत नाही. बारीक गांधीलमाशी येते किंवा काहीच येत नाही. ते लपवू नका, त्या दिवशीच्या वहीत सर्वांत जास्त प्रश्न असतात.

प्रश्नांचा तिसरा रकाना आठवड्यातून एकदा फळ्यावर घेऊन वाटण्या केल्या : बघून उत्तर मिळेल, करून बघितल्यावर मिळेल, विचारूनच मिळेल. पहिल्या दोन वाटण्यांतले प्रश्न वर्गात सोडवायचे. तिसरी वाटणी शिक्षकाने चटकन भरून टाकू नये.

ऑक्टोबरची सत्र परीक्षा, दिवाळी आणि मग विधानसभा निवडणुकीचं काम, यात नोव्हेंबर संपला. खंड पडतोच. वह्या शाळेतच ठेवल्या होत्या म्हणून धागा टिकला.

डिसेंबरात सुतळीचा एक मीटर बाजूचा चौकोन जमिनीवर आखून आतलं सगळं मोजलं, आणि एकदांडीच्या वाळलेल्या केसाळ बियांची चाचणी केली. प्रश्न मुलांचाच : केस कशाला? एका बीचे केस कात्रीने उडवायचे, दुसरीचे ठेवायचे, दोन्ही सारख्या उंचीवरून सोडायच्या. पंखा बंद, खिडक्या बंद. मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्यायला जाऊ नका. दोन मीटरवरून केस नसलेली बी सेकंदभरही लावत नाही आणि बटण दाबण्यातली गफलत त्या मानाने फार मोठी होते. दोन्ही एकदम सोडून आधी कोण पोचलं ते बघायचं, पाच वेळा.

सर्जनशीलतेचं काय, असं केंद्रप्रमुखांनी विचारलं होतं. 'हे आणखी कशासारखं दिसतं?' हा प्रश्न प्रत्येक निरीक्षणाच्या शेवटी ठेवला होता. पहिल्या चार उपमा नेहमीच्या येतात, सातवी-आठवी स्वतःची असते. त्या याद्यांतून जानेवारीत कोडी रचली. अट एकच, प्रत्येक शब्द वहीतल्या नोंदीत हवा. एका गटाचं कोडं : 'एका दांडीवर अख्खं गाव, वेशीवर पाच पहारेकरी, प्रत्येकाला तीन-तीन दात. ओळखा पाहू.' सहावीच्या वर्गाला ते सुटलं नाही, याचा आनंद आठवडाभर पुरला.

फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा. तेव्हा ती पाचवीला असे. पालक विचारत, 'पाचवीचं वर्ष आहे आणि तुम्ही पानंफुलं काय बघत बसलाय?' प्रश्न रास्त आहे. वही दाखवा, वाद घालू नका. उपक्रमामुळे गुण वाढतील असं वचन अजिबात देऊ नका. तसा दावा आम्ही अहवालातही केला नाही. याच महिन्यात शाळेतल्या आंब्याला तांबूस पालवी फुटली. लाल पान म्हणजे पिकलेलं पान, असं वर्गाचं मत. लाल पानांच्या देठांना रंगीत दोरा बांधून ठेवला आणि दर शनिवारी त्याच पानांचा रंग लिहिला. तीनेक आठवड्यांत दोऱ्याची पानं हिरवी झाली. झाडाच्या अशा साप्ताहिक नोंदी 'सीझनवॉच' हा देशभरचा उपक्रम शाळांकडून घेतो. पालवी, कळ्या, फळं नाहीत, थोडी आहेत की भरपूर आहेत, एवढंच भरायचं असतं.

मार्चअखेर पुन्हा चिंचेची डहाळी, तीच दहा मिनिटं. जूनचा आणि मार्चचा कागद शेजारी ठेवून तीन गोष्टी मोजल्या : दिसलेले तपशील किती, त्यांत आकडा किंवा माप असलेले किती, आणि करून बघता येईल असे प्रश्न किती. पर्णिकांच्या जोड्या मोजलेल्या होत्या. 'संध्याकाळी मिटलेली होती, आता उघडी आहेत, मधे किती वाजता उघडतात?' असा प्रश्न एकीच्या वहीत होता. सगळ्यांचं असं झालं नाही. लिहिताना अडखळणारी चार-पाच मुलं तोंडी भरपूर सांगत होती, कागदावर नाही. त्यांच्यासाठी मोबाइलवर आवाज घेऊन ठेवणं हा मार्ग सुचला, तो उशिरा. तुम्ही जुलैपासूनच करा.

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाला याचा थेट उपयोग होतो. 'दैनंदिन निरीक्षण' हे साधन आहेच, आणि वर्णनात्मक नोंदी वहीतून आयत्या मिळतात. (तयार नोंदींच्या पीडीएफ सगळ्यांच्या फोनमध्ये असतात, हे आपल्यातच राहू दे.) नवोपक्रमाच्या अहवालात फोटो कमी आणि मुलांच्या वहीची पानं जास्त लावा, तारखेसकट. स्कॅन करताना पेन्सिल पुसट येते, तेव्हा दिवसाच्या उजेडात, सावलीत फोटो घ्या. निकालाची वाट बघत पुढचं वर्ष अडवून ठेवू नका.

वर्षाचा सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसला : भिंगं, रंगीत प्रती, सुतळी, बरण्यांसाठी मच्छरदाणीचं कापड. वह्या मुलांच्या होत्या. सहापैकी दोन भिंगांवर ओरखडे आहेत, कारण ती शर्टाच्या टोकाने पुसली गेली. आता पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपतो आणि प्रत्येकाला जुन्या मोज्याची पिशवी शिवली आहे. समितीच्या ठरावातली दहा पटीची भिंगं एप्रिलमध्ये आली, डेडस्टॉकला चढली आणि कपाटात आहेत.